हंबीरराव एका दिवसात विशाळगडाला गेला

पन्हाळ्याहून विशाळगडाच्या उरुसाला पायी जायचं तर तीन दिवस आणि वाटेत दोन मुक्काम, हा साऱ्या पेठेचा शिरस्ता. हंबीररावाला तो मुळीच मान्य नव्हता.

"ही काय चाल झाली? गोगलगाय बरी!" तालमीच्या कट्ट्यावर मांडी थोपटत तो गरजला. "तांबडं फुटायला निघणार, दिवस बुडायला गडावर!"

शाहू महाराजांचं राज्य. पैलवानाच्या शब्दाला हसायची कुणाची छाती नव्हती. त्याची बायको झुंबरबाई बायकांच्या मेळ्याबरोबर आधीच वाटेला लागली. हंबीररावानं सोबतीला गौस शिंपी धरला. गौस इतका बारका, की वारा सुटला तर झाडाला धरून उभा राहायचा!

मसाईचं पठार त्यांनी झपाझप मागं टाकलं. पुढं केरबा नावाचा शेतकरी गवत कापत होता.

"पावणं, एवढी कसली घाई? टेका की जरा!"

"थांबायला येळ न्हाय!" हंबीरराव चालता चालता ओरडला आणि किती लांबून आलो ते दाखवायला त्यानं मागं हात केला.

केरबानं हाताच्या रोखानं पाहिलं. मागं गच्च रान!

"आयला, वाघ!" विळा टाकून तो आडवाटेनं धूम पळाला.

हे दोघं ओढ्यावर पाणी पिऊन पुढच्या वाडीत पोचले, तर सगळी दारं बंद! फणसाच्या झाडावरून एक म्हातारा ओरडला, "पळा! वाघ सुटलाय! दोन माणसं खाल्ली!"

"कुठली वो?"

"पन्हाळ्याकडची. एक रेड्यावानी धिप्पाड, दुसरं नुसतं चिपाड!"

हंबीररावाच्या अंगाला दरदरून घाम फुटला. "गौस, आपल्यावानीच हुती की रं!"

"व्हय की. बिचारी!" गौस म्हणाला आणि पळत सुटला.

मग काय पळाले! चढ कळला नाही, खिंड कळली नाही. काट्यात अडकलं ते धोतर तिथंच राहिलं. दिवस बुडायला हंबीरराव गडावर हजर! गौस तर पोचताच पायरीवर आडवा होऊन घोरायला लागला. पण झुंबरबाईचा मेळा कुठंच दिसेना. ओळखीचं दुसरं एक माणूस नाही. शेवटी त्यानं नारळवाल्यालाच सांगितलं, "पन्हाळ्यास्नं एका दिवसात आलो!"

"बरं. नारळ किती देऊ?"

मेळा आला दुसऱ्या दिवशी, उन्हं वर आल्यावर. वाघाच्या भीतीनं एका पाटलानं साऱ्या बायकांना गोठ्यात कोंडून ठेवलं होतं. धिप्पाड आणि चिपाडाची बातमी तिथंही पोचली होती. झुंबरबाईचे डोळे रडून सुजले होते. नवरा दिसताच ती जागच्या जागी थिजली. जवळ येऊन तिनं त्याच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"आई गं!"

"जित्ता हायसा!" म्हणत तिनं पुन्हा गळा काढला.

"अगं, एका दिवसात आलो!" हंबीररावानं छाती फुगवली.

झुंबरबाईचं रडं खाडकन थांबलं.

"आमी रातभर तुमच्या नावानं कुक्कू पुसावं का ठेवावं करत बसलो, आन् तुमी शर्यत लावताय व्हय?"

परत यायला हंबीररावाला तीन दिवस लागले. डोक्यावर मेळ्याची सगळी भांडी होती. आणि झुंबरबाई मागून येत होती, अगदी सावकाश.