देवाला दाखवलेला जॅम

शनिवारी सकाळी साडेदहाला, स्ट्रॉबेरी निम्मी शिजलेली असताना, सुचेताच्या घरातला गॅस संपला. दुसरा सिलिंडर नव्हता. नंबर लावलेला होता, तो आणखी दहा दिवसांनी येणार होता. सोनम मात्र आजच चार वाजता येणार होती.

सोनम बेळगावची. वर्गात आपल्याशिवाय आणखी कुणाला तरी मराठी येतं, हे सुचेताच्या मुलीला, कस्तुरीला, पुण्याहून बंगळुरात इंदिरानगरला आल्यावर सहा महिन्यांनी कळलं, आणि त्या आनंदात तिने सांगून टाकलं, की जॅम ना, आमच्याकडे आई घरीच करते, नेहमी. सुचेताने आयुष्यात जॅम केला नव्हता. पण सहा महिने एकटीने डबा खाणाऱ्या मुलीकडे पहिल्यांदाच कुणीतरी येणार होतं. तिने खोटं बोलण्यावरचं व्याख्यान पुढे ढकललं आणि नवऱ्याला, अवधूतला, भल्या सकाळी शिवाजीनगरच्या बाजारात पाठवून स्ट्रॉबेरी आणवली.

आता पातेलं फडक्यात धरून ती जिना उतरली. खाली घरमालक शेषगिरी राहत. तीन पिढ्या बंगळुरात काढलेलं, पण घरात मराठीच बोलणारं कुटुंब.

"क्षमाक्का, अर्धा तास तुमच्या गॅसवर ठेवू?"

"ठेव की. पण तुझं भांडं आमच्या शेगडीवर चालत नाही हं, अज्जी ओरडतील," म्हणत शेषगिरींच्या बायकोने सगळं आपल्या पातेल्यात ओतून घेतलं.

"आणि आतलं चालतं?"

"आत फळ आणि साखर. त्याला काय होतंय? जा तू, मी हलवते. सरी ना, ठीक?"

सुचेता वर पोचते न पोचते तोच नळाला कावेरीचं पाणी आलं. ते एक दिवसाआड येई, आणि आलं की गल्लीतल्या बायका हातातलं काम, प्रसंगी तोंडातलं वाक्यसुद्धा, अर्धं टाकून नळाकडे धावत. सुचेता वर बादल्या लावत बसली, क्षमा मागच्या टाकीकडे गेली. पातेलं एकटं रटरटत राहिलं.

नेमक्या त्याच वेळी शेषगिरींच्या आई, म्हणजे अज्जी, आंघोळ करून सोवळ्यात स्वयंपाकघरात आल्या. चष्मा न्हाणीत राहिला होता. शनिवारी नैवेद्याला टोमॅटोचा गोज्जू असे, चिंच-गुळाचं आंबटगोड कालवण. पातेल्यात काहीतरी लाल शिजत होतं. सुनेने गोज्जू अर्धवट टाकलाय हे उघडच होतं. अज्जींनी सुस्कारा सोडून चिंचेचा कोळ घातला, तिखट घातलं, मीठ घातलं आणि वरून मोहरी, हिंग, कढीपत्त्याची खमंग फोडणी दिली. चाखून पाहिलं नाही. देवाच्या आधी चाखायचं नसतं. त्या घरात पन्नास वर्षं मीठ अंदाजानेच पडत आलं होतं.

बारा वाजता सुचेता खाली आली, तेव्हा घंटा वाजत होती आणि जिन्यापर्यंत हिंगाचा वास होता.

"अज्जी, तो जॅम होता," ती कसंबसं म्हणाली.

"असं होय? मला वाटलं, टोमॅटो एवढं गोड कसं वास मारतंय." अज्जी विचारात पडल्या. "कांदा-लसूण होतं काय त्यात?"

"नाही."

"मग झालं तर. देवानं काही तक्रार केली नाही."

क्षमाने शरमून वाडगा भरून दिला. अवधूतला परत बाजारात पिटाळण्यात आलं. तो तीन वाजता चिक्कू घेऊन आला. "लाल काहीच उरलं नव्हतं," म्हणाला.

"कोपऱ्यावरून बाटली आणते," सुचेता म्हणाली.

"नको," कस्तुरी म्हणाली. "ते खोटं होईल."

हा मुद्दा तिला आठवडाभर सुचला नव्हता.

सोनम दहा मिनिटं आधीच आली. सुचेताने सकाळच्या पोळ्या आणि वाडगा समोर ठेवला. वर कढीपत्त्याचं एक पान तरंगत होतं. सोनम त्या पानाकडे बघत राहिली.

"हे जॅम हाय?"

घरगुती जॅम असाच असतो, असं एक वाक्य सुचेताने तयार ठेवलं होतं. पण कस्तुरीच आधी बोलली. "नाही. आई कधीच जॅम करत नाही. मी उगीच सांगितलं होतं. आज केला, तर बिघडला."

तिची हनुवटी थरथरत होती. सोनमने पोळीचा तुकडा बुडवला, खाल्ला. आणखी एक बुडवला. "तिखट हाय," ती म्हणाली, आणि वाडगा जवळ ओढून घेतला. मग बोट चाटत, सहज सांगावं तसं म्हणाली, "आमच्याकडं पण घोडा नाही."

"कसला घोडा?" सुचेताने विचारलं.

"अजिबात नाही?" कस्तुरी म्हणाली.

"अजिबात नाही. तू जॅम सांगितलीस, मग मी घोडा सांगितलं."

कस्तुरीने मनात हिशेब केला असावा. जॅमच्या मानाने घोडा बराच मोठा होता. हनुवटी थांबली.

"मी तर मनात त्याचं नावसुद्धा ठेवलं होतं," कस्तुरी म्हणाली.

"काय ठेवलीस?"

कस्तुरीने आईकडे एकदा पाहिलं, सरकून सोनमजवळ गेली आणि तिच्या कानात सांगितलं. दोघी पोळ्या सोडून हसत सुटल्या. नाव काय होतं, ते सुचेताला कधीच कळलं नाही.