पानाची उलटी बाजू

पोंभुर्ण्याच्या शाळेत तपासणीचा दिवस उजाडला, तेव्हा वामनराव गुरुजी सगळ्यांच्या आधी येऊन वर्गात हजर होते. गेल्या साली, म्हणजे त्र्याऐंशीत, विस्तार अधिकाऱ्यांनी शेरा मारला होता, "विज्ञान शिक्षक प्रयोग करीत नाहीत." तो डाग आज धुऊन काढायचा होता.

प्रयोग तसा साधा. ओल लागली की गुलाबी होणारे निळे कागद पानाच्या दोन्ही बाजूंना लावायचे. पान ज्यांतून वाफ सोडतं ती छिद्रं खालच्या बाजूला, म्हणून खालचा कागद आधी गुलाबी होणार. शेवटच्या बाकावरून दिसावं म्हणून गुरुजींनी शिपाई रुखमाबाईला कमळाच्या पानासाठी तलावावर पिटाळलं. पाण्यावर तरंगणारं सुपाएवढं पान तिनं गळाभर पाण्यात उतरून आणलं, पुसलं आणि देठ बादलीत बुडवून ठेवला.

गुरुजींनी दोन्ही बाजूंना कागद चिकटवले. अर्धा तास झाला. खोलीत उजेड कमी, दोन्ही कागद निळेच. तपासणीला आलेल्या विस्तार अधिकारी साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"अंधारात छिद्रं मिटतात साहेब, उजेडात उघडतात," म्हणत गुरुजींनी बादली उन्हात नेली. मागोमाग सगळा वर्ग गेला. थोड्या वेळात कागद गुलाबी झाला, पण वरचा! खालचा ढिम्म निळा.

गुरुजींनी घाईघाईनं रुखमाबाईकडे बोट केलं. तोंडातून निघून गेलं, "या बाईनं पान उलटं लावलं साहेब!"

पोरं रुखमाबाईकडे पाहू लागली. तिचं लुगडं अजून वाळलं नव्हतं.

"उलटं काऊन लावीन गुरुजी?" ती म्हणाली. "हे बाजू पाण्यात राह्यते. पाण्यात नाक बुडवून कोणी दम घेते का? त्याचं नाक वरतंच राहीन ना!"

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलो ते एक वेळ चाललं असतं. पण पान आणणाऱ्या बाईवरच ढकललं, तेही चाळीस पोरांदेखत!

साहेब मात्र खूश झाले. "वा! मुद्दाम चूक करायची अन् उत्तर शिपायाच्या तोंडून काढायचं!" त्यांनी तिथल्या तिथे शेरा लिहिला, "अभिनव पद्धत. पुढील महिन्यात गोंडपिपरीला सर्व शिक्षकांसमोर करून दाखवावी. बाईंनाही आणावे."

खरं सांगायला गुरुजींनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

साहेबांची जीप गेली. गुरुजी खाली मान घालून बादली उचलू लागले, तशी रुखमाबाई म्हणाली, "गुरुजी, तिथीबी मलेच खोटं पाडाचं हाय का? सांगून ठेवा, म्हंजे धुतलेलं लुगडं नेसून येतो."