गौरजेच्या सातव्या ग्रहाचा तपास

गुन्हेगारांचा कर्दनकाळ, कोकण किनाऱ्यावरची सर्वात तल्लख बुद्धी, ताटातल्या काट्यांवरून जेवणाऱ्याचं गाव ओळखणारा डिटेक्टिव्ह पुष्कर! हे वर्णन पुष्करने स्वतः सांगितलं आहे, मी फक्त शुद्धलेखन तपासलं. कट्टा गावच्या बाजारात त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. आजवर त्याने सोडवलेली सर्वात मोठी केस म्हणजे त्याचीच हरवलेली चप्पल, आणि तीही कुत्र्याने परत आणून दिली.

मी समर्थ, त्याचा सहायक. ही नेमणूक त्याने मला न विचारता केली. पोटापाण्यासाठी मी ओरोसला एका सरकारी कचेरीत कारकून आहे.

रविवारी जेवणं आटोपली की पुष्करच्या पडवीत आम्ही चौघं अंतराळ जिंकायला बसतो. पुष्कर, मी, काजूच्या कारखान्यातला बाबली आणि डी.एड. झालेली गौरजा. पटावर आकाशगंगा छापलेली, प्रत्येकाची लाकडी जहाजं, आणि जो आठ ग्रह घेईल तो सम्राट. ज्याचं शेवटचं जहाज बुडेल तो बाद. एकच डाव चौदा रविवार चालला होता, कारण आम्ही जहाज हलवण्याआधी विचार करतो आणि हलवल्यावर भांडतो.

प्रत्येक बैठकीचा वृत्तांत मी वहीत लिहायचो. 'बैठक क्र. ९. श्री. बाबली यांनी लाल ग्रहावर स्वारी केली. स्वारी निष्फळ. चहा झाला.' असा. मग कचेरीतल्या सवयीने वही लाल कापडात बांधून खोक्यात ठेवायची. पुढच्या रविवारी जो तो आपली जहाजं आठवणीने मांडी. वाद झाला तर वही बघायची असं ठरलं होतं, पण वही बघायची म्हणजे ती वाचावी लागणार, म्हणून सगळे वादच मिटवत. चौदा बैठका लिहिल्या, एकही कोणी वाचली नाही. मीसुद्धा नाही. लिहिणाऱ्याने वाचायचं नसतं, हा आमच्या कचेरीतला जुना शिरस्ता.

पंधराव्या रविवारी मात्र प्रकरण हातघाईवर आलं. गौरजा सोमवारी दोडामार्गच्या शाळेत रुजू होणार होती, म्हणजे आमचा हा शेवटचा रविवार. लहानपणापासून ती आमच्याबरोबर कॅरम, पत्ते, सगळं खेळली आणि आजवर एकदाही जिंकली नाही. या डावात तिचे सात ग्रह झाले होते. पुष्कर म्हणाला, सहाच.

"सात," गौरजा म्हणाली. "वही काढ रे समर्था."

खोक्यात वही नव्हती. बाबलीने गेल्या रविवारी पटाचा फोटो काढला होता, पण त्यात अर्धी आकाशगंगा त्याच्या अंगठ्याखाली होती. पुष्करने जाहीर केलं की पुरावा नसेल तर डाव रद्द, नव्याने मांडू. गौरजेचा चेहरा एवढासा झाला. तो बघून मला भयंकर वाईट वाटलं. पुष्करला मात्र केस मिळाली होती.

त्याने दुकानातून भिंग आणलं आणि आधी गौरजेवर संशय घेतला. जिंकणाऱ्यावर कोणी संशय घेत नाही, म्हणून वही तिनेच लपवली! गौरजेने विचारलं की वही मीच मागितली ना? पुष्कर म्हणाला, हीच तर चलाखी. मग त्याला खोक्यावर चिकट डाग सापडला. काजूचा चीक, म्हणजे बाबली. बाबलीने डाग चाटून पाहिला आणि तो खाज्याचा गूळ आहे असं सांगितलं. गुळात घोळवलेलं ते खाजं फक्त पुष्करच खात होता. त्याने भिंग खिशात ठेवलं आणि माझ्याकडे वळला. ह्याचे वृत्तांत कोणी वाचत नाही, म्हणून किंमत कळावी यासाठी ह्यानेच वही गायब केली, असा त्याचा निष्कर्ष. हे मात्र मला लागलं. कारण असं करायचं मला खरंच सुचायला हवं होतं.

एवढ्यात पुष्करची आई, आनंदी काकी, चहा घेऊन आली. आम्ही काय शोधतोय ते ऐकून ती म्हणाली, "लाल फडक्यातली पोथी मा? ती लक्ष्मीकडे आसा. आज तिच्या घराची पाळी."

उलगडा असा झाला. सोमवारी झाडलोट करताना काकीला लाल कापडात बांधलेली वही दिसली. लाल कापडात पोथीच असणार, आणि पोथी खोक्यात टाकून ठेवणं बरं नव्हे, म्हणून तिने ती पाटावर ठेवून हात जोडले आणि वाचायला घेतली. आमच्या वाडीत पोथी घरोघर फिरते. सोमवारी आनंदी काकी, मंगळवारी शेवंती काकी, असं करत रविवारी ती बाबलीच्या आईकडे, लक्ष्मी काकीकडे पोचली होती.

आम्ही धावत गेलो. घरापुढच्या खळ्यात नऊ बायका बसल्या होत्या आणि लक्ष्मी काकी चौदावी बैठक चालीवर वाचत होती. "श्रीमती गौरजा यांनी सातवा ग्रह हस्तगत केला," आणि बायकांनी माना डोलावल्या. गौरजा दारातच थबकली.

पुष्कर छाती काढून म्हणाला, "सात तर सात. पण आठव्यावर माझी तीन जहाजां आसत."

लक्ष्मी काकीने चष्मा वर केला. "तुझी जहाजां? मेल्या, तू बाराव्या बैठकीतच मेलंस."

तिने पानं मागे उलटून वाचलं. बाबलीने पुष्करचं शेवटचं जहाज बुडवलं होतं, ते मी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, आणि पुढे होतं 'चहा झाला'. चहा पिऊन सगळे परत खेळायला बसले, त्यात मयतही बसलं.

"काय सुंदर लिवलंहा," आमच्या मागोमाग आलेली आनंदी काकी डोळ्यांना पदर लावून म्हणाली. "माज्या झिलाचा मरण परत एकदा वाच गो."

परत वाचलं. मग पट आणून खळ्यातच मांडला, पुष्करची जहाजं काढून घेतली आणि राखायला कोणी नसलेला आठवा ग्रह गौरजेने एका चालीत घेतला. बायकांनी असा गलका केला की कोंबडी उडून माडाच्या आळ्यात पडली. पोथी संपली म्हणून नारळ आणला, आणि तो फोडायचा मान मयताला दिला. नारळ फोडता फोडता पुष्कर सांगत होता की वही लक्ष्मी काकीकडे असणार हे त्याला आधीच ठाऊक होतं.

बायकांनी मला तिथेच बसवून पंधरावी बैठक लिहायला लावली आणि लिहिलेली वाचायलाही. शेवटचं वाक्य होतं, 'श्रीमती गौरजा जिंकल्या.'

खोबऱ्याचा तुकडा हातात धरून गौरजा ऐकत होती.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं. मग ती म्हणाली, अजून एकदा, आणि ह्या वेळी सावकाश.