ताईंची खुर्ची आणि बाथरूमचं दार

"ताई येतेय रविवारी," बायकोनं सांगितलं आणि मिस्त्रींचा रंधा फळीवर अर्ध्यातच अडकला.

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी आल्या, तेव्हा मिस्त्रींनी केलेल्या स्टुलावर बसल्या, स्टूल डुगडुगलं आणि ताई चहाच्या कपासकट भुईसपाट झाल्या. उठल्या, पदर झटकला, "येते" म्हणाल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेल्या. तेव्हापासून या घराची पायरी चढल्या नव्हत्या. बायको बहिणीसाठी आतल्या आत झुरायची आणि मिस्त्रींवर मात्र मोठ्यानं डाफरायची.

"तिला बसायला नीट खुर्ची पाहिजे," ती म्हणाली. "आणि या खेपेला खुर्ची हलली ना, तर ती जाईलच, तिच्यामागोमाग मीही जाईन. सांगून ठेवते."

मिस्त्री हाडाचे सुतार. समोरच्या खोलीतच त्यांचा कारखाना. हात असा सफाईदार, की जोड शोधून सापडायचा नाही. पण काहीही तयार करून खाली ठेवलं की ते डुगडुगायचंच. गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नव्हती. पण गिऱ्हाइकं भिडस्त असतात, अशी मिस्त्रींनी मनाची समजूत घातली होती. आता मात्र गळ्याशी आलं. त्यांनी कामाच्या टेबलावर पट्टी उभी धरली. पट्टीखाली मधोमध केसभर उजेड दिसला. चोर सापडला! टेबलच खोलगट, तर त्यावर जुळवलेली खुर्ची सरळ कशी उभी राहणार? वरची फळी बदलायलाच हवी, आणि तीही स्वस्तात.

"स्वस्त पाहिजे की चांगलं?" प्लायवूडवाल्यानं विचारलं.

"स्वस्त आणि चांगलं."

"मग दुसरं दुकान बघा." तरी त्यानं दाखवलं. "हे एमडीएफ घ्या, भुसा दाबून केलेलं. आरशासारखं सपाट. फक्त ओलं करू नका."

"सरस सांडतो हो माझ्याकडनं."

"मग नकाच घेऊ. प्लाय घ्या."

"वाकेल?"

"जाड घेतली तर नाही." जाडीचा भाव ऐकून मिस्त्री एक पाऊल मागं सरकले. "सगळ्यात उत्तम म्हणजे," दुकानदार म्हणाला, "दोन्ही बाजूंनी सनमायका मारलेला जाड बोर्ड. सरस चिकटत नाही, ओल लागत नाही. पण तो तुमच्या बजेटात बसायचा नाही."

वाटेत शेजारचे शिंपी भेटले. "काच टाका की! माझ्या टेबलावर आहे."

"अहो, मला हातोडी मारायची असते."

"हळू मारायची."

भंगारवाला म्हणाला, जुन्या दारासारखं स्वस्त काही नाही. पण त्याच्याकडची दारं इतकी वाकलेली, की आडवी टाकली असती तर झुलली असती. एमडीएफ, प्लाय, काच, दार... मिस्त्रींच्या डोक्याचा पार भुगा झाला. घरी येऊन त्यांनी तोंडावर पाण्याचे हबके मारले, डोळे पुसले आणि समोर बघतच राहिले.

बाथरूमचं दार. जाड बोर्ड, दोन्ही बाजूंनी सनमायका. गेल्याच वर्षी त्यांनी स्वतः बसवलेलं. पट्टी लावून पाहिली, कुठून म्हणून उजेड नाही!

"अहो, दार कुठं चाललंय?" बायको किंचाळली.

"ताईंच्या खुर्चीसाठीच गं. शनिवारपर्यंत पडदा लाव. रविवारी दार जागेवर."

ताईंचं नाव आल्यावर बायको पडदा शोधायला गेली. मिस्त्रींनी टेबलाची जुनी फळी उतरवून भिंतीला टेकवली, तिच्या जागी दार आडवं टाकलं आणि शनिवारी दुपारी खुर्ची जुळवली. चारही पायांच्या जोडांना सरस लावला, सगळी खुर्ची क्लॅम्पनी दाराशी आवळून टाकली. आता सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात ताई!

"एक दिवस आधीच निघाले बाई," ताई म्हणाल्या. "आधी बाथरूमला जाऊन येते. बाकी सगळं मागनं."

बायकोनं मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी पडद्याकडे. पडदा पंख्याच्या वाऱ्यानं मजेत उडत होता. मिस्त्रींनी मागचापुढचा विचार न करता भिंतीला टेकवलेली जुनी फळी उचलली, ताई आत गेल्याबरोबर चौकटीला लावली आणि तिला पाठ टेकून उभे राहिले.

"याला आतनं कडी नाही का?" आतून आवाज आला.

"मी आहे ना, ताई," मिस्त्री म्हणाले.

बायकोनं कपाळाला हात लावला.

सकाळी क्लॅम्प सुटले. मिस्त्रींनी खुर्ची दारावर हलवून पाहिली, ती जागची हलेना. छाती फुगवून त्यांनी ती उचलली आणि ताईंपुढं जमिनीवर ठेवली.

डुग. डुग.

फिरवली. डुग. कोपऱ्यात नेली, तिथं तर जास्तच. परत दारावर ठेवली, खुर्ची ठाम. खाली ठेवली, डुग. मिस्त्रींना घाम फुटला. बायकोचे डोळे भरून आले. ती आत वळली, बहुतेक बॅग काढायलाच.

"थांब गं," ताई म्हणाल्या. "ते जुनं स्टूल आहे का अजून?"

मिस्त्रींनी मान खाली घालून ते माळ्यावरून काढलं. ताईंनी स्वतः ते दारावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. स्टूल हू की चू करेना.

"अहो, ही जमीन कुणी केली?"

"मीच," मिस्त्री म्हणाले. "फरशी मी स्वतःच्या हातानं बसवलीय. तिच्यात काही..."

"दहा वर्षं सांगतेय!" बायको उसळली. "पुसताना सगळं पाणी त्या कोपऱ्यात जमतं म्हणून! ऐकतंय कोण?"

मिस्त्रींनी पाणसळ आणून फरशीवर इथं-तिथं ठेवली. तिच्यातला बुडबुडा आधी या टोकाला, मग त्या टोकाला पळाला आणि तिथंच बसला. मिस्त्रीही मग तिथंच बसले.

ताईंकडे बघायची कुणाची हिंमत नव्हती. पण ताई स्टुलावरच डोळे लावून होत्या.

"म्हणजे माझ्या वजनानं नाही डुगडुगलं?" त्या हळूच म्हणाल्या.

"तुमच्या?"

"मला वाटलं, मी जाड झालेय म्हणूनच पडले. तुमच्यासमोर! लाजेनं मेल्यासारखं झालं. तोंड कसं दाखवणार? दोन वर्षं मी रात्रीचं जेवण सोडलंय, मेल्या फरशीपायी!"

"आणि मला वाटलं, तू रागावलीस..." बायको तिच्या गळ्यात पडली. दोघी आधी रडल्या, मग हसत सुटल्या. मिस्त्रींना कुणाबरोबर सामील व्हावं तेच कळेना. त्यांनी गुपचूप दार उतरवून जमिनीवर टाकलं, कडेला पाचरी ठोकून सपाट केलं आणि वर खुर्ची मांडली. ताई बसल्या. खुर्ची हलली नाही.

"आज रात्री पोटभर वाढ गं," ताई म्हणाल्या. "आणि आता मी आठ दिवस काही हलत नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री फरशीवाल्याकडे निघाले होते. चपला घालतात तोच आतून ताईंची हाक आली.

"अहो कडी, या जरा. मला अंघोळ करायचीय."