ढोलीराज आणि फुकटचा भोंगा

बाळांनो, सागाच्या एका जंगलात झाडं होती, नदी होती, वाघ महाराज होते. नव्हता तो फक्त कॉम्प्युटर. तेवढ्यामुळे जंगलाची प्रगती अडली आहे, असं महाराजांना कुणीतरी सांगितलं.

म्हणून कॉम्प्युटर आला. उंच झाडावर कॅमेरा बसला. कॅमेऱ्याला धूर दिसला की कॉम्प्युटरनं भोंगा वाजवायचा आणि वणवा पोचायच्या आत सगळ्यांनी नदी गाठायची, अशी योजना होती. या कामावर रखमाजी नावाच्या साळिंदराला नेमलं. रखमाजी सरळमार्गी. नियम दिसला की काटे मिटून उभा राही.

कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचं नाव ‘ढोलीराज’. ती डोंगरापलीकडच्या एका कंपनीकडून विकत घेतली होती. म्हणजे पैसे महाराजांनी दिले आणि प्रणाली कंपनीचीच राहिली. मोठी मंडळी याला खरेदी म्हणतात.

जंगलातल्या कॉम्प्युटरचा माऊस खराखुरा असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. या कॉम्प्युटरची उंदरीण बाळंतपणाला माहेरी गेली. रखमाजीनं तिच्या जागी तिच्या जावेला बसवलं.

लगेच पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं उमटली : ‘हा कॉम्प्युटर ओळखीचा वाटत नाही. आपण चोर नसल्यास किल्ली टाका.’

किल्ली म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ. त्यातलं एक चिन्ह शून्य आहे की ठ, हे रखमाजीला कळेना. त्यानं शून्य टाकलं. चूक. ठ टाकला. तीही चूक. मग पडद्यानं त्याला कंपनीला फोन करायला सांगितलं.

फोनवर पोपट होता.

“आपला फोन आमच्यासाठी अमूल्य आहे,” पोपट म्हणाला.

“अहो, इथे भोंगा बंद पडलाय.”

“आपला फोन आमच्यासाठी अमूल्य आहे.”

रखमाजीनं सहज खिडकीबाहेर पाहिलं. पश्चिमेच्या उतारावरून धूर येत होता. त्याच उतारावर त्याचं बीळ होतं. बिळात बायको दुर्पदा होती, पोरं होती.

“वणवा लागलाय हो,” तो कसाबसा म्हणाला.

“वणव्यासाठी तीन दाबा,” पोपट म्हणाला.

रखमाजीनं तीन दाबलं. बासरी वाजू लागली.

खिडकीशेजारच्या बाभळीवर शेवंता नावाची सुगरण राहत असे. सुगरणींनी मिळून स्वतःची एक प्रणाली विणली होती. जिला जमेल तिनं एक काडी घालायची, चुकलेली काडी दुसरीनं काढायची.

“रखमाजीभाऊ, आमची प्रणाली टाकू का?” शेवंतानं विचारलं.

“किल्ली आहे?”

“किल्ली नाही. कुलूपच नाही.”

“मग ती चोरीची असणार.”

“चोरीची नाही, फुकट आहे. बोला लवकर, धूर वाढतोय.”

रखमाजीनं फोन खाली ठेवला. शेवंतानं प्रणाली टाकली आणि भोंगा वाजला. सगळं जंगल नदीकडे धावलं. दुर्पदा पोरांना घेऊन शेवटी पोचली. पोरांचे काटे टोकाशी जळले होते, पण पोरं जिवंत होती.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. कंपनीकडून कोट घातलेलं एक उदमांजर आलं होतं.

“महाराज,” ते गंभीरपणे म्हणालं, “काल आपली सगळी प्रजा विनापरवाना वाचली.”

दरबार ओशाळला. महाराजांनी शेवंताला बोलावलं.

“तुझी प्रणाली केवढ्याला?”

“फुकट, महाराज. उघडून बघा, बदला, शेजारच्या जंगलालाही द्या.”

“आणि बिघडली तर आम्ही गुरगुरायचं कुणावर?”

“माझ्यावर गुरगुरा. मी येऊन नीट करीन.”

महाराजांनी मान हलवली. “तू येशील, हे खरं. पण चिमणीएवढ्या पाखरावर गुरगुरण्यात शोभा नाही.”

त्यांनी दुप्पट किमतीची ‘ढोलीराज सम्राट’ मागवली आणि फुकटची प्रणाली पुसून टाकायचा हुकूम दिला.

रखमाजी घरी आला. दुर्पदा पोरांच्या काट्यांना थंड चिखल लावत होती.

“काय ठरलं?” तिनं विचारलं.

“सम्राट येतोय.”

“त्याचा भोंगा वाजतो का?”

रखमाजीही तिच्या शेजारी बसून चिखल लावू लागला.

सम्राट आला, सोनेरी खोक्यातून. रखमाजीनं खोका फोडला नाही. त्यावरची सोनेरी चिठ्ठी तेवढी सोलली, डिंकानं कॉम्प्युटरला चिकटवली आणि खोका पाल्याखाली ढकलला. जन्मात पहिल्यांदाच त्यानं हुकूम मोडला होता.

महाराज पाहणीला आले. थोडा पाला पेटवला. धूर निघताच भोंगा दणाणला.

“बघा,” महाराज म्हणाले, “पैसे मोजले की असा आवाज येतो.”

ते गेल्यावर शेवंता खिडकीत येऊन बसली. ती चिडली होती.

“काड्या आमच्या आणि नाव त्यांचं?”

“तुमचं नाव लावलं तर महाराज भोंगाच काढतील, शेवंताबाई. माझी पोरं त्या उतारावर झोपतात.”

शेवंता आत आली आणि वाकडी लागलेली सोनेरी चिठ्ठी चोचीनं सरळ करू लागली.

तात्पर्य : बाळांनो, फुकटची वस्तू वाईट नसते, तिला फक्त महाग दिसता आलं पाहिजे. म्हणून किल्ली मागणारी वस्तू अवश्य विकत घ्यावी. तिचा खोका फार कामाचा असतो.