तपासले, ठेवावे

ऑफिसात त्यांना सगळे तपासलेसाहेब म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं, सवय होती. रेकॉर्ड विभागात आलेल्या फाइलचं पहिलं पान बघायचं, शेवटचं बघायचं आणि ‘तपासले’ लिहून खाली सही ठोकायची. मधल्या पानांवर त्यांचा गाढ विश्वास होता.

घरी मात्र हा शेरा चालत नसे. घरी बाई होत्या. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळ्या गल्लीच्याच बाई. एकतीस वर्षं त्यांनी एक जुनी, चाळीस कडव्यांची कविता शिकवली. समुद्रावर गेलेल्या नावाड्याची बायको खिडकीशी त्याची वाट बघते, ती. कविता म्हणताना बाईंचा आवाज असा काही लागायचा, की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची. तपासलेसाहेबही गप्प व्हायचे. (पण ते झोप लागल्यामुळे.)

बाईंच्या निवृत्तीला दोन आठवडे उरले, तेव्हा साहेबांनी जाहीर केलं, “निरोप समारंभात तुझ्या कवितेचं वेबपेज दाखवायचं. इंटरअ‍ॅक्टिव्ह! कडव्याला बोट लावलं की तुझा आवाज येणार.”

बाई इस्त्री करत होत्या. त्यांचा हात थांबला. “पान कसंही होऊ दे हो,” त्या म्हणाल्या, “माझी एकच अट. त्या निमित्तानं एकदा तरी अख्खी कविता ऐका.”

“म्हणजे काय! अक्षरन् अक्षर ऐकणार.” साहेबांनी छातीवर हात ठेवला.

वेबपेज बनवणार होती भाची. तिचा तो धंदाच होता. “मामा, आधी कुठे काय येणार याचा कागदावर आराखडा करा,” ती म्हणाली आणि घराचा रेकॉर्ड विभाग झाला. चिठ्ठ्या फ्रिजवर, आरशावर, कपाटाच्या दारांवर. कविता उघडण्याआधी वाचकानं एक अर्ज भरायचा होता: नाव, वय, कविता वाचण्याचं कारण. (भाचीनं तो तिथल्या तिथे नामंजूर केला.) ‘येथे स्पर्श करा’ ही चिठ्ठी दोन दिवस सापडेना. ती साहेबांच्या शर्टाच्या पाठीला चिकटून ऑफिसला जाऊन आली होती. त्या दिवशी सगळे आपल्याशी इतक्या आपुलकीनं का वागताहेत, हे त्यांना घरी आल्यावर कळलं.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर रेकॉर्डिंग झालं. साहेबांनी मोबाइल उशीला टेकवून ठेवला, शेजारी आपण आडवे झाले आणि म्हणाले, “कर सुरू.” पुढचं त्यांना आठवलं ते एकदम चहाच्या वेळचं. बाई कप घेऊन समोर उभ्या होत्या.

“ऐकलीत?”

“फारच सुंदर!”

“कुठलं कडवं जास्त आवडलं?”

“शेवटचं,” साहेब म्हणाले. “मधलीही त्याच तोडीची आहेत.”

बाई नुसत्या हसल्या. साहेबांनी घाईनं कपात तोंड घातलं. चहा चांगला झाला होता.

गुरुवारी भाचीचा फोन आला. “मामा, पान तयार आहे. मागे लाटांचा आवाज काय मस्त आलाय! कुठून मिळवलात?”

लाटांबद्दल साहेबांना काहीच माहीत नव्हतं. पण चालून आलेलं कौतुक कोण परत करतो? “करावं लागतं थोडं,” ते म्हणाले.

“आणि सतराव्या कडव्यात मामी जरा वेगळंच बोलल्यात. ऐकून सांगा, ठेवू की काढू?”

साहेबांनी पहिलं कडवं ऐकलं, शेवटचं ऐकलं आणि मेसेज पाठवला: ‘तपासले. ठेवावे.’

शनिवारी शाळेचा हॉल भरला होता. पडद्यावर ते पान आलं आणि बाईंचे डोळे पाणावले. साहेबांना धन्य वाटलं. मुख्याध्यापकांनी पहिलं कडवं दाबलं, टाळ्या. मग म्हणाले, “आता मधलं एखादं,” आणि नेमकं सतरावं दाबलं.

“दीप ठेविला खिडकीपाशी, डोळ्यास डोळा लागेना...” बाईंचा आवाज हॉलभर झाला. मग तोच आवाज अगदी घरगुती होऊन म्हणाला, “झोपले! एकतीस वर्षांत सतरावं कडवं या माणसानं एकदाही जागेपणी ऐकलं नाही. असू दे. दमतात बिचारे.”

हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. साहेबांना खुर्चीखाली जागा शोधावीशी वाटली. तशात संगीताचे शिक्षक उठले आणि कौतुकानं विचारू लागले, “त्या लाटा कुठल्या समुद्राच्या हो?”

“आमच्या घरच्याच आहेत,” बाई म्हणाल्या.

 घरी आल्याबरोबर साहेबांनी चूळ भरली, डोळ्यांवर पाणी मारलं आणि खोलीच्या मधोमध ताठ उभे राहिले. “म्हण. उभ्यानं ऐकतो. चाळीसच्या चाळीस.”

“मी आजपासून निवृत्त,” बाईंनी पाय पसरले. “पान केलंयत ना? त्यालाच बोट लावा.”

साहेबांनी लावलं. पहिलं कडवं झालं, दहावं झालं. कविता खरंच सुंदर होती! सोळाव्याला त्यांनी नकळत ‘वा!’ म्हटलं. सतराव्यातली बोलणी त्यांनी मान खाली घालून पुन्हा ऐकली आणि आयुष्यात पहिल्यांदा जागेपणी अठराव्या कडव्यात पाऊल टाकलं. बाई पाय आखडून उठून बसल्या होत्या. एकोणिसावंही पार पडलं.

विसाव्याला समुद्राला भरती आली. एकविसाव्यात बाईंचा आवाज बुडाला. साहेबांनी मोबाइल कानाला लावला, आवाज वाढवला, तशा लाटाही वाढल्या.

“अगं,” ते कळवळून म्हणाले, “या घोरण्यापुढे एक शब्द ऐकू येत नाही! माणसानं ऐकायचं तरी कसं?”

“सवय होते,” बाई म्हणाल्या.