तेल म्हणजे तेल नसते

खोब्रागडे भाऊ कोणाच्याही घरी रिकाम्या हातानं येत नाहीत. येताना सोबत डिपस्टिक आणतात. डिपस्टिक म्हणजे गाडीच्या इंजिनात तेल किती आहे ते बघायची लांब लोखंडी पट्टी. ती इंजिनात असावी असा सगळ्या जगाचा समज आहे. भाऊंची गाडी घरी उभी असते आणि पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या वडसा गावभर फिरते.

मी त्यांच्या समोरच राहते, त्यामुळे पहिला मान माझा. सकाळी शाळेची घाई, एका हातात डबा, दुसऱ्या हातात कुलूप, आणि फाटकात भाऊ उभे. "बाई, जरा बोट लावा बरं. घट्ट वाटून राह्यलं का पातळ?" अहो, मी मराठी शिकवते. इंजिनाच्या तेलाला बोट लावून मी काय ओळखणार, विभक्ती? पण माणूस वयानं मोठा, म्हणून एकदा लावलं बोट. तेच बोट पदराला लागलं. ती मोतिया रंगाची साडी आता मी फक्त दिवाळीच्या साफसफाईला नेसते. भाऊंना दाखवली, तर त्यांनी डाग उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "पसरला नाई जास्त. म्हणजे घट्टच आहे."

आता अशा माणसाला काय म्हणावं?

भाऊंची सगळी नोकरी तलावाच्या पाण्याची पातळी मोजण्यात गेली. रोज काठावर उभं राहून खांबावरचे आकडे वाचायचे आणि वर कळवायचे. निवृत्त झाले, पण पट्टीची सवय सुटली नाही. पावसाळ्यात त्यांच्या अंगणात बादली ठेवलेली असते आणि बादलीत फूटपट्टी. घरची डाळ शिजताना उलथनं उभं धरून बघतात. इथवर मला काही म्हणायचं नव्हतं. ज्याचं त्याचं घर. पण यंदा पावसाळा संपताना त्यांनी टिनाच्या शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री काढली आणि माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला सुरुवात झाली.

ही गाडी आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं फक्त ताडपत्री म्हणूनच पाहिली होती. खाली पांढरी, जुनी, पण नवरीसारखी कोरी गाडी निघाली. मागच्या सीटवरचं प्लास्टिकही तसंच. कधी काळी हिचं इंजिन बिघडलं होतं, ते भाऊंनी चंद्रपूरला नेऊन पूर्ण नव्यानं बांधून आणलं, आणि आणल्यावर झाकून ठेवली. का, ते कोणाला माहीत नाही. तर प्रश्न असा की, गाडी जुनी, इंजिन जवळजवळ न चाललेलं, आणि उभी किती तरी वर्षं. मग तेल कोणतं टाकायचं?

एका वाक्यात संपणारा हा प्रश्न भाऊंनी दिवाळी उलटेपर्यंत पुरवला. पातळ टाकलं तर सुकलेल्या रबरांतून गळेल. घट्ट टाकलं तर थंडीत सकाळी वर चढणार नाही. साधं टाकावं की ते महागाचं सिंथेटिक? उभ्या गाडीत ओल धरते, म्हणून जुनं तेल काढून टाकावं, नवं टाकून थोडी चालवावी आणि तेही लगेच काढून पुन्हा भरावं. हे सगळं मला माहीत आहे. मला नको होतं हे माहीत.

मुन्ना मेकॅनिकनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बीस-चालीस टाका भाऊ, आणि मोकळे व्हा." बीस-चालीस हा तेलाच्या घट्टपणाचा नेहमीचा नंबर. पण भाऊ मोकळे होणाऱ्यातले नाहीत. ते रोज जात. शेवटी लांबून भाऊ दिसले की मुन्ना शटर अर्धं खाली ओढायचा आणि उकिडवा बसून आतून काम करायचा. विहारात वंदना झाली, खीर वाटायला सुरुवात झाली, की भाऊंनी कागद उघडलाच. माणसाच्या एका हातात खिरीची वाटी आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला काळं तेल. मोबाईलवर कोणी गोरा माणूस तेलाच्या बाटल्या ओळीनं मांडून बोलतो, त्यातलं भाऊंना एक अक्षर कळत नाही, तरी पूर्ण आवाजात चालू. माझ्या घरात बसून मी त्याचं व्याख्यान ऐकते. आणि कोणी वैतागून काही म्हणालं की यांचं ठरलेलं वाक्य, तर्जनी वर करून: "तेल म्हणजे तेल नसते, बाई."

त्यांच्या बायकोची, सिंधूबाईंची, मला कीव यायची. सिंधूबाई नर्स होत्या. जंगलातल्या गावांना पायी फिरून फिरून गुडघे गेले. आता एसटीची पायरी चढवत नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि रात्रभर नाटक. लेकी माहेरी येतात, बहिणी-बहिणी एका सतरंजीवर बसून नाटक बघतात. सिंधूबाईंचं माहेर कुरखेड्याच्या पलीकडे. गेल्या वर्षी पायरीपाशी उभ्या राहून त्या परत आल्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन त्यांनी फाटकाजवळच्या निळ्या डब्यातल्या मोगऱ्याला पाणी घातलं आणि आत गेल्या.

यंदा मी म्हटलं, "भाड्याची गाडी करा ना, मी पण येते सोबत."

"नाई," सिंधूबाई म्हणाल्या. "जाईन तं आपल्या गाडीत. नाई तं नाई जात."

म्हणजे यांच्या गाडीत तेल पडेल तेव्हा त्यांची मंडई. आणि मंडई चार दिवसांवर आली तरी हे गृहस्थ माझ्या ओट्यावर बसून विचारतात, "बाई, दोन्ही अर्धं अर्धं मिसळलं तं?"

माझा पारा चढला. मी हातातला वह्यांचा गठ्ठा खाली आपटला. "भाऊ, तुम्हाला लाज वाटायला पाहिजे. ती बाई गुडघे धरून बसली आहे. तिची बहीण तिकडे वाट पाहते. आणि तुम्ही बोटं तेलात बुडवत गावभर फिरता. टाका कोणतंही आणि न्या तिला. तेल म्हणजे तेल."

भाऊंची तर्जनी वर गेली नाही. पट्टी त्यांनी कागदात गुंडाळली, पुन्हा उघडली.

"तसंच म्हणलो होतो मी," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी सिंधूबाईंची माय शेवटच्या घटका मोजत होती. सकाळी निरोप आला. निघताना भाऊंनी पट्टी पाहिली तर तेल कमी. दुकान उघडायला वेळ होता. शेतावर पाण्याच्या इंजिनाच्या तेलाचा डबा पडला होता, झाकण नसलेला. सगळा पावसाळा त्यानं बाहेर काढलेला. तोच धावत जाऊन घरी आणला. "सिंधू आत लुगडं बदलून राह्यली होती. म्हणलो मनाशी, तेल म्हणजे तेल. टाकलो. जंगलात जाऊन इंजिन जाम झालं, बाई. मागं गाव नाई, पुढं गाव नाई. सिंधू रस्त्यावर उभी, मी बॉनेट उघडून उभा. एका धानाच्या ट्रॅक्टरवर बसून गेलो, तं माय गेली होती."

"मग सिंधूबाई काय म्हणाल्या?"

"काई नाई म्हणली. तिले मालूम कुठी आहे? मी म्हणलो, जुनी गाडी, होते असं." पट्टी त्यांनी मांडीवर आडवी ठेवली. "जिंदगीभर पाणी मोजलो मी. बोटभर चुकलो नाई. आणि ज्या दिवशी पाह्याचं होतं त्या दिवशी नाई पाह्यलो. आता पुन्हा तोच रस्ता आहे."

मी चहा आणायला आत गेले. चहा त्यांच्या पुढ्यात होताच, तरी गेले.

संध्याकाळी मी भाऊंना घेऊन मुन्नाकडे गेले आणि शटर खाली यायच्या आत त्याखाली उभी राहिले. मुन्नानं बीस-चालीसचा नवा, सीलबंद डबा काढला. सील भाऊंनी स्वतः तोडलं. तेल भरलं, गाडी गावातल्या गावात फिरवली, तेल काढलं, पुन्हा भरलं. आधीचं तेल भाऊंनी बाटलीत भरून उजेडात पाहिलं. स्वच्छ होतं. तरी रात्रभर त्यांना झोप नव्हती, हे मला सिंधूबाईंनी सांगितलं.

मंडईच्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. पुढे भाऊ आणि सिंधूबाई, मागे प्लास्टिकच्या सीटवर घसरत मी, माझ्या मांडीवर तेलाचा जादा डबा आणि फडक्यांचं गाठोडं. सिंधूबाईंनी हिरवी नवी साडी नेसली होती. मला वाटलं, आता सुटलो. कसलं काय. दर दोन-चार गावं झाली की गाडी रस्त्याच्या कडेला. बॉनेट वर, पट्टी बाहेर, फडक्यानं पुसायची, बुडवायची, पाहायची. मागून येणारा जो तो थांबून विचारायचा, काऊन भाऊ, का झालं? काही झालेलं नसायचं. आमच्यानंतर निघालेली एसटी आम्हाला ओलांडून गेली. बैलगाडी ओलांडून गेली असती तर मी त्या बैलगाडीत बसणार होते.

पुढे जंगल सुरू झालं. एका वळणापाशी भाऊंनी गाडी पुन्हा थांबवली. मी तोंड उघडणार होते, पण सिंधूबाई खिडकीतून त्या जागेकडे बघत होत्या. मला समजलं ही कोणती जागा ते. भाऊंनी पट्टी काढली आणि माझ्याकडे हात केला. गाठोड्यात फडकं उरलं नव्हतं. सगळी तेलानं चिकट झालेली.

सिंधूबाईंनी पदर खिडकीबाहेर धरला. "घ्या. पुसा."

"नवी साडी आहे. डाग नाई निंघत याचा."

"मालूम आहे. पुसा तुम्ही."

भाऊंनी पुसली. बुडवली, काढली, उजेडात धरली. तेल बरोबर होतं.

"त्या शेतावरच्या डब्यातलं तं नाई ना टाकलं?" सिंधूबाईंनी विचारलं. भाजीत मीठ टाकलं का, असं विचारावं त्या आवाजात.

भाऊ पट्टी धरून तसेच उभे राहिले. "तुले कोन सांगतलं?"

"डब्बा घरामागं फेकला होता तुम्ही. तेलाच्या बुडाशी पाणीच पाणी. मीच धुतला, निळा रंग मारला. मोगरा कशात आहे इतक्या वर्षांपासून?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलून माय भेटली असती का? तुम्ही तं इंजिन बांधून आणलं आणि मंग गाडीले हात नाई लावला. मी वाट पाहून राह्यली होती, कधी लावता म्हणून." त्यांनी पदर आत घेतला, काळा डाग वर येईल असा मांडीवर ठेवला. "चाला आता. पहिला अंक निघून जाईन."

भाऊंनी पट्टी जागेवर घातली, बॉनेट लावलं आणि येऊन बसले. किल्ली फिरवायला त्यांना जरा वेळ लागला. तेलाचा डबा अजून माझ्याच मांडीवर होता आणि बुडाशी ओला लागत होता, तरी मी तो तसाच धरून बसले. माहेरच्या मंडईतल्या पताका दिसेपर्यंत भाऊंनी गाडी पुन्हा थांबवली नाही.